टर्मिनलवरची गिचमिड वाचायची कशी

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी दांडिया बाजारातून आमच्या मंडळाच्या ग्रंथपाल काकांचा फोन आला. "अगं, सगळं मराठी गेलं. गुजरातीपण गेलं. इंग्रजी तेवढं राहिलंय."

मंडळाच्या वाचनालयाची सूची एका जुन्या लिनक्स सर्व्हरवर आहे. बडोद्यातलं वाचनालय म्हटल्यावर मराठी, गुजराती, इंग्रजी अशा तिन्ही भाषांची पुस्तकं एकाच यादीत येतात. काकांनी त्या आठवड्यात लॅपटॉप बदलला होता. नव्या लॅपटॉपच्या टर्मिनलवरून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, सर्व्हरला जोडलं, यादी उघडली, तर पडद्यावर नुसती गिचमिड. मी म्हटलं, "काका, काही करू नका. फाइल सेव्ह तर मुळीच करू नका. तशीच बंद करा, मी येते."

सुरसागरला वळसा घालून पोचेपर्यंत पंधरा मिनिटं लागली. काका खुर्चीवर हात बांधून बसले होते. बारा वर्षं एकेक पुस्तक हातात घेऊन त्यांनी ती सूची भरली आहे, त्यामुळे त्यांचा चेहरा पाहून मलाच कसंतरी झालं. मी यादी पुन्हा उघडली. प्रत्येक ओळीत डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा रोमन ए परत परत येत होता. त्याला चिकटून कधी चार कोपऱ्यांना टोकं फुटलेलं बारीक वर्तुळ, कधी जपानी येनचं चिन्ह. मधूनच ट्रेडमार्कचा वर्तुळातला आर, मधूनच पाऊण, मधूनच उलटं प्रश्नचिन्ह.

मी बोट ठेवून सांगितलं, "काका, ही ओळ मराठी आहे. ही खालची गुजराती. आणि हा ट्रेडमार्कवाला आर आहे ना, तो तुमचा म."

त्यांना वाटलं मी धीर द्यायला काहीतरी सांगते आहे. पण ते अक्षरशः खरं होतं, आणि ते का खरं आहे हे एकदा कळलं की टर्मिनलवरची निम्मी भीती जाते.

आकडा एक, तक्ते अनेक

संगणकाच्या पोटात अक्षरं नसतात, आकडे असतात. एका बाइटमध्ये ० ते २५५ यांतला एक आकडा मावतो. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हे एका तक्त्यात ठरलेलं असतं. त्या तक्त्याला एन्कोडिंग म्हणतात. लिहिणाऱ्याने एक तक्ता वापरला आणि वाचणाऱ्याने दुसरा, की गिचमिड तयार होते.

बडोदेकरांना हे समजायला अवघड जाऊ नये. १९१० साली सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेहून विल्यम ॲलन्सन बॉर्डन या ग्रंथपालांना इथे आणलं. संस्थानातल्या वाचनालयांची घडी त्यांनी बसवली आणि पुस्तकं लावण्यासाठी बडोद्याची म्हणून एक वर्गीकरण पद्धतही रचली. पुस्तकाच्या पाठीवरच्या खुणेला अर्थ येतो तो त्या पद्धतीच्या तक्त्यामुळे. एका वाचनालयाची खूण दुसऱ्याच्या तक्त्यात शोधली तर तुम्ही भलत्याच कपाटासमोर जाऊन उभे राहाल. म्हणून काही पुस्तक हरवलेलं नसतं.

इंग्रजी का वाचलं, याचंही उत्तर इथेच आहे. १९६३ साली अमेरिकेत ॲस्की नावाचा तक्ता ठरला. त्यात १२८ जागा होत्या, आणि रोमन अक्षरं, अंक, विरामचिन्हं त्यातच बसली. पुढच्या बहुतेक तक्त्यांनी या पहिल्या १२८ जागांना हात लावला नाही. भांडण आहे ते १२८ ते २५५ या वरच्या मजल्यावर. १९८१ च्या आयबीएम पीसीने तिथे स्वतःची चिन्हं भरली, त्याला ४३७ क्रमांकाचा तक्ता म्हणतात. पश्चिम युरोपसाठी लॅटिन-१ निघाला. विंडोजने त्यात थोडी भर घालून १२५२ काढला. आपल्याकडे १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने इस्की हा तक्ता प्रमाण ठरवला. इस्कीत मराठी क आणि गुजराती क यांचा आकडा एकच होता, लिपी कोणती ते वेगळं सांगावं लागे.

त्याच १९९१ मध्ये अनेक लिपींना एकत्र घेणाऱ्या युनिकोड या तक्त्याची पहिली आवृत्ती आली आणि प्रत्येक लिपीला तिचा स्वतंत्र मोहल्ला मिळाला. देवनागरीला २३०४ ते २४३१ या १२८ जागा मिळाल्या, गुजरातीला २६८८ ते २८१५. मांडणी इस्कीवरून घेतल्यामुळे दोन्ही मोहल्ल्यांत घरांचा क्रम सारखा आहे. देवनागरी म चा क्रमांक २३५०, गुजराती म चा २७३४. दोन्ही आपापल्या मोहल्ल्यात सुरुवातीपासून ४६ घरं पुढे.

पण २३५० हा आकडा एका बाइटमध्ये मावत नाही, त्याचे तुकडे करावे लागतात. ते कसे करायचे याची आज सर्वत्र चालणारी रीत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत जेवणाच्या टेबलावर, ताटाखालच्या कागदावर ती मांडली. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचे आणि प्रत्येक मात्रेचे तीन बाइट होतात. ‘वडोदरा’ या शब्दात व, ड, ओकार, द, र आणि काना अशी सहा चिन्हं आहेत, म्हणून फाइलमध्ये त्याचे अठरा बाइट.

म चे तीन बाइट असे: २२४, १६४, १७४.
गुजराती म चे: २२४, १७०, १७४.

फरक फक्त मधल्या आकड्यात आहे. देवनागरीत पहिला बाइट नेहमी २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५. गुजरातीत पहिला २२४ आणि दुसरा १७० किंवा १७१. अख्ख्या लिपीला हा नियम लागू आहे.

आता हेच आकडे लॅटिन-१ च्या तक्त्यात बघा. २२४ म्हणजे तिरकी रेघ डोक्यावर घेतलेला ए. १६४ म्हणजे ते टोकं फुटलेलं वर्तुळ, जे कुठल्याही चलनाचं सामान्य चिन्ह म्हणून ठेवलं आहे. १७४ म्हणजे ट्रेडमार्कचा आर. काकांचा म असा तीन तुकड्यांत पडद्यावर बसला होता. काना म्हणजे शेवटी पाऊण, ऱ्हस्व वेलांटी म्हणजे उलटं प्रश्नचिन्ह. दीर्घ वेलांटीपासून पुढच्या मात्रांमध्ये मधला बाइट १६५ होतो, तिथे येन दिसतो. गुजराती ओळींत तिरक्या ए ला चिकटून येन नव्हता. तिथे रेघ ओढलेला बारीक उंचावरचा ए आणि फ्रेंच धाटणीचं दुहेरी अवतरणचिन्ह दिसत होतं, म्हणजे १७० आणि १७१.

विंडोजच्या जुन्या काळ्या खिडकीत हीच फाइल उघडली असती तर गिचमिड वेगळी दिसली असती. ४३७ च्या तक्त्यात २२४ म्हणजे ग्रीक अल्फा, १६४ म्हणजे डोक्यावर लाट असलेला एन. तिथे मराठी म्हणजे अल्फा-एन, अल्फा-एन अशी माळ. म्हणून मी सगळ्यांना सांगते, गिचमिड दिसली की आधी तिचा फोटो काढा. तिरका ए दिसला तर वाचणारा लॅटिन-१ किंवा १२५२ वापरतो आहे, अल्फा दिसला तर ४३७. चुकीचा तक्ता कोणता, हे ती गिचमिडच सांगते. जपानी लोकांनी या प्रकाराला ‘मोजिबाके’ असं नावच ठेवलं आहे आणि जगभर आता तोच शब्द चालतो. त्यांच्याकडे तक्त्यांचे घोळ आपल्यापेक्षा फार आधी सुरू झाले.

चूक कुठे आहे ते शोधताना

फाइलमधला म पडद्यावर पोचेपर्यंत बऱ्याच हातांतून जातो. सर्व्हरवरचा प्रोग्राम बाइट वाचतो. तिथली लोकेल नावाची व्यवस्था त्याला सांगते, इथे कोणता तक्ता चालतो. मग ते बाइट एसएसएच या दूरच्या मशीनला जोडणाऱ्या सुरक्षित वाटेने तुमच्या लॅपटॉपवर येतात. ही वाट त्यांना हात लावत नाही. लॅपटॉपवरचा टर्मिनल प्रोग्राम ते बाइट स्वतःच्या तक्त्याने वाचतो आणि शेवटी फॉन्टकडे त्या अक्षराचं चित्र मागतो. घोळ यांतल्या कुठल्याही हातात होऊ शकतो. दोन हातांत एकदम झाला असेल तर माणूस फार दमतो, कारण एक चूक दुरुस्त केली तरी पडद्यावर काही सुधारलेलं दिसत नाही.

म्हणून सुरुवात नेहमी फाइलपासून करावी. खाली आज्ञांची नावं मी उच्चारानुसार लिहिते आहे, टाइप मात्र रोमनमध्येच करायची. ओडी नावाची आज्ञा फाइलमधले बाइट आकड्यांत दाखवते. तिला ‘वजा टीयू१’ हा पर्याय दिला की आकडे नेहमीच्या दशमान पद्धतीत येतात. काकांच्या सूचीच्या पहिल्या काही ओळी तिच्यातून काढल्या आणि २२४ १६४, २२४ १६५ अशा जोड्या ओळीने येताना दिसल्या, तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला. फाइल धडधाकट होती. आता जे काही करायचं ते फक्त सेटिंगमध्ये.

काकांच्या नव्या लॅपटॉपवर सर्व्हरला जोडणारा जो प्रोग्राम कुणीतरी टाकून दिला होता, त्याची आवृत्ती फार जुनी होती आणि त्यात दूरच्या मशीनचा तक्ता लॅटिन-१ निवडलेला होता. पुट्टी हा असाच प्रोग्राम वापरणाऱ्यांना हे सेटिंग ‘विंडो’खालच्या ‘ट्रान्सलेशन’ पानावर, ‘रिमोट कॅरॅक्टर सेट’ या नावाने सापडेल. तिथे यूटीएफ-८ निवडायचं आणि ते सेशन त्याच नावाने जतन करायचं. जतन करायला लोक विसरतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन येतो. लिनक्स आणि मॅकवरचे आजचे टर्मिनल मुळातच यूटीएफ-८ वर असतात, तिथे ही पायरी सहसा लागत नाही.

सेटिंग बदललं. कॅट या आज्ञेने फाइल दाखवली तर सगळं मराठी लखलखीत. काकांनी टाळीच वाजवली. मग लेस या आज्ञेने तीच फाइल पानापानाने बघू म्हटलं, तर अक्षरांच्या जागी कोनी कंसांत ‘ई-शून्य’, ‘ए-चार’, ‘ए-ई’ असे तुकडे. कॅटमध्ये नीट आणि लेसमध्ये वाईट, हे कसं?

हा फरक फार कामाचा आहे. कॅटला अक्षरांशी देणंघेणं नसतं, ते आलेले बाइट जसेच्या तसे पुढे ढकलतं. लेसला मात्र ओळी मोजायच्या असतात, पडद्याची रुंदी सांभाळायची असते, त्यामुळे ते आधी लोकेलला विचारतं की इथे तक्ता कोणता. सर्व्हरने सांगितलं की ॲस्की, तर १२७ च्या वरचा प्रत्येक बाइट त्याला परका वाटतो आणि ते त्याचा षोडशमान, म्हणजे दहाऐवजी सोळा अंकांच्या पद्धतीतला, आकडा छापून मोकळं होतं. २२४, १६४, १७४ हेच आकडे त्या पद्धतीत तसे लिहितात. तेव्हा कॅट नीट आणि लेस वाईट असेल तर टर्मिनल बरोबर आहे, लोकेल चूक आहे. दोन्ही वाईट असतील तर आधी टर्मिनलकडे वळा.

फाइलींची यादी देणाऱ्या एलएस या आज्ञेतही असंच होतं. मराठी नावाच्या फाइली असतील तर चुकीच्या लोकेलमध्ये त्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात, किंवा नव्या आवृत्त्यांत उलट्या तिरक्या रेघेनंतर ३४०, २४४, २५६ असे आकडे दिसतात. तेही म चेच तीन बाइट, अष्टमान म्हणजे आठच अंकांच्या पद्धतीत. फाइलींमधले बदल नोंदून ठेवणारा गिट हा प्रोग्राम वापरणाऱ्यांना मराठी नावाच्या फाइलींसाठी असेच आकडे लोकेल बरोबर असतानाही दिसतात, कारण तो गिटचा स्वतःचा स्वभाव आहे. त्याच्या कॉन्फिगमध्ये ‘कोअर डॉट कोटपाथ’ला ‘फॉल्स’ केलं की नावं सरळ दिसू लागतात.

लोकेल काय आहे ते बघायला ‘लोकेल’ हीच आज्ञा आहे. ‘लोकेल चारमॅप’ असं विचारलं तर एका ओळीत तक्त्याचं नाव मिळतं. तिथे यूटीएफ-८ आलं तर उत्तम. काकांच्या सर्व्हरवर ‘एएनएसआय एक्स३.४-१९६८’ असं भारदस्त उत्तर आलं. हे काही वेगळं प्रकरण नसतं, ॲस्कीच्याच १९६८ सालच्या आवृत्तीचं ते नाव आहे.

लोकेल ठरवणारे व्हेरिएबल, म्हणजे नाव दिलेली सेटिंगं, मुख्यतः तीन: लँग, एलसी-सीटाइप आणि एलसी-ऑल. लँग सगळ्यांत खालचा, एलसी-सीटाइप त्याच्यावर, आणि एलसी-ऑल सगळ्यांना दाबून टाकतो. कुणीतरी कधीतरी घाईत एलसी-ऑलमध्ये ‘सी’ हे ॲस्कीवालं लोकेल भरून ठेवलेलं असतं आणि मग तुम्ही लँग कितीही बदला, काही हलत नाही. कायमचं सेटिंग लँगमध्ये करावं आणि एलसी-ऑल रिकामा ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. किंमत म्हणून ‘सी डॉट यूटीएफ-८’ दिलं तरी पुरतं. हवं तर ‘एमआर-आयएन’ हे मराठीचं लोकेलही आहे, त्यात महिन्यांची आणि वारांची नावंसुद्धा मराठीत येतात.

इथे एक अडचण हमखास येते. तुमच्या लॅपटॉपवर मराठी लोकेल आहे, एसएसएच ते नाव सर्व्हरला कळवतो, पण सर्व्हरवर ते लोकेल बसवलेलंच नाही. मग लोकेल लावता आलं नाही अशी तक्रार छापून सर्व्हर मुकाट्याने ॲस्कीवर येतो. ‘लोकेल वजा ए’ ही आज्ञा सर्व्हरवर बसवलेल्या लोकेलांची यादी देते. हवं ते त्यात नसेल तर डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सवर लोकेल-जेन वापरून तयार करायचं. काकांकडे नेमकं हेच झालं होतं. सर्व्हरवर मराठी लोकेल तयार केलं, बाहेर पडून पुन्हा लॉगइन केलं आणि लेससुद्धा शहाण्यासारखं वागू लागलं. लॉगइन पुन्हा करणं गरजेचं असतं. एका टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या चालवणारा टीमक्स चालू असेल तर तोही बंद करून नव्याने सुरू करावा, नाहीतर तो जुनीच समजूत धरून बसतो.

दिवसा सगळं नीट चालतं आणि रात्री क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रामने, पाठवलेल्या अहवालातच प्रश्नचिन्हं येतात, असं सांगणारे खूप भेटतात. क्रॉन तुमची लॉगइनची सेटिंगं वाचत नाही, त्याला बहुधा लँगच मिळत नाही. डेटाबेसच्या क्लायंटसारखे प्रोग्राम मग आपला तक्ता लॅटिन-१ समजतात. त्या कामाच्या वरच लँगची ओळ लिहून ठेवली की प्रश्न सुटतो.

विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये सीएचसीपी टाइप केलं की चालू तक्त्याचा क्रमांक दिसतो. ४३७ आला तर सीएचसीपी पुढे ६५००१ लिहायचं, हा यूटीएफ-८ चा तिथला क्रमांक. हा बदल त्या खिडकीपुरताच असतो. पॉवरशेल या विंडोजच्याच दुसऱ्या आज्ञांच्या खिडकीच्या ५.१ या आवृत्तीपासून मात्र सावध राहा. तिथे आउटपुट दुसऱ्या प्रोग्रामकडे पाइपने पाठवलं की मराठीची प्रश्नचिन्हं होतात, कारण त्या वाटेवर तिचा तक्ता मुळात ॲस्की आहे. शक्य असेल तर ७ ची आवृत्ती वापरा.

प्रश्नचिन्ह आणि पाच भोकं

आता त्या ‘सेव्ह करू नका’कडे येते.

तिरका ए दिसतो तोवर बाइट बहुधा शाबूत असतात. प्रश्नचिन्ह दिसलं तर दोन शक्यता. एक, ते फक्त पडद्यावर आहे, जसं एलएसमध्ये. दुसरी, ते फाइलमध्येच आहे. एखाद्या प्रोग्रामला मराठी मजकूर अशा तक्त्यात बदलायला सांगितला ज्यात म ला जागाच नाही, तर तो म च्या जागी ६३ हा आकडा लिहितो. ६३ म्हणजे प्रश्नचिन्ह. ओडीमध्ये ६३ ६३ ६३ अशी रांग दिसली की समजावं, मूळ अक्षर गेलं. कुठलंही सेटिंग ते परत आणू शकत नाही. काळ्या शंकरपाळ्यातलं प्रश्नचिन्ह तसंच. युनिकोडने ते ‘इथे काहीतरी होतं, वाचता आलं नाही’ हे सांगायला ठेवलं आहे. ते पडद्यावर असेल तर ठीक, पण त्या अवस्थेत फाइल जतन केली तर त्याचे २३९, १९१, १८९ हे बाइट खऱ्या अक्षरांवर कायमचे बसतात.

काकांच्या सूचीत अशा पंचवीस-तीस नोंदी सापडल्याच. काही वर्षांपूर्वी सूची एका डेटाबेसमधून दुसऱ्यात हलवताना त्यांची प्रश्नचिन्हं झाली होती आणि कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. काकांनी कपाटातून हाताने लिहिलेलं दाखल रजिस्टर काढलं आणि आम्ही दोघांनी बसून त्या नोंदी पुन्हा भरल्या. रजिस्टर नसतं तर त्या पुस्तकांची नावं शेल्फवर जाऊन शोधावी लागली असती.

तिसरा प्रकार या दोहोंच्या मधला आहे, आणि त्यात मी स्वतः सगळ्यात जास्त वेळ घालवला आहे. यूटीएफ-८ फाइल चुकून १२५२ समजून उघडली आणि ती गिचमिडच यूटीएफ-८ म्हणून जतन केली. आता म चे तीन बाइट राहिले नाहीत, सहा झाले: १९५, १६०, १९४, १६४, १९४, १७४. फाइलचा आकार एकदम दुप्पट झाला असेल तर हाच संशय घ्यावा. टर्मिनल पूर्ण बरोबर असूनही तिरका ए दिसत राहतो, कारण आता फाइलमध्ये खरोखरच तिरका ए लिहिलेला असतो. उपाय उलटा जायचा आहे: आयकॉन्व्ह या आज्ञेने यूटीएफ-८ मधून १२५२ मध्ये बदल करायचा, म्हणजे मूळचे तीन बाइट परत हाती येतात. मात्र मूळ फाइलवर नाही, प्रतीवर.

पण १२५२ च्या तक्त्याला पाच भोकं आहेत. १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या आकड्यांना त्यात कुठलंच चिन्ह दिलेलं नाही. इंग्रजीला किंवा फ्रेंचला याचं काही वाटत नाही. मराठीचं मात्र नेमकं वर्मावर येतं. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट १२९. हलन्ताचा १४१, म्हणजे एकूण एक जोडाक्षर. ए चा १४३, ऐ चा १४४, झ चा १५७. काही प्रोग्राम हे बाइट तसेच सांभाळतात, काही गाळून टाकतात. गाळले असतील तर परतीच्या वाटेवर जोडाक्षरं तुटलेली मिळतात आणि आयकॉन्व्ह अध्येमध्ये अडतं. गिचमिडीत येनच्या शेजारी युरोचं चिन्ह दिसलं तर ती दीर्घ वेलांटी आहे आणि तक्ता १२५२ आहे, लॅटिन-१ नाही. लॅटिन-१ मध्ये १२८ या जागी युरो नाही.

म्हणून मी एक चाचणीची ओळ बनवली आहे: ‘ऐन उन्हात एक झुळूक आली.’ त्या पाचही भोकांतून ही ओळ जाते. नवीन मशीन, नवीन डेटाबेस, नवीन प्रोग्राम, काहीही आलं की मी आधी ही ओळ एका टोकाने आत टाकते, दुसऱ्या टोकाने बाहेर काढते आणि ओडीत बघते. झुळूक शाबूत आली तर बाकीचं मराठीही येतं.

चौकोन दिसले तर काळजी नको, तो फॉन्टचा प्रश्न. अक्षर कोणतं ते टर्मिनलला कळलेलं असतं, फक्त चित्र नसतं. लोहित किंवा नोटो यांपैकी एक देवनागरी फॉन्ट बसवावा. वेलांटी भलत्या बाजूला गेली किंवा ‘उन्हात’मधला न पायमोडका आणि वेगळा दिसला, तर तेही एन्कोडिंगचं काम नव्हे. टर्मिनल हा मुळात सारख्या मापाच्या चौकटींचा कागद आहे आणि जोडाक्षरं जुळवणं पुष्कळ टर्मिनलांना जमत नाही. लिनक्सच्या खिडकीविरहित काळ्या पडद्यावर तर एका वेळी जास्तीत जास्त ५१२ चित्रं मावतात, तिथे देवनागरीची आशाच धरू नये.

चुकून एखादी चित्राची किंवा प्रोग्रामची फाइल कॅटने दाखवली आणि त्यानंतर तुम्ही टाइप केलेलंसुद्धा रेघा आणि कोपरे होऊन दिसू लागलं, तर तेही वेगळंच. १९७८ च्या व्हीटी-१०० पासून टर्मिनलांत चौकटी काढण्यासाठी रेघांचा एक संच असतो, आणि त्या फाइलमधल्या एखाद्या बाइटने तिकडची कळ दाबलेली असते. न दिसता का होईना, रीसेट टाइप करून एंटर दाबा.

आणि जुन्या मराठी फॉन्टांत टाइप केलेले मजकूर, जे फॉन्ट नसला की साध्या रोमन अक्षरांची भेसळ होऊन दिसतात, ते या लेखात बसत नाहीत. तिथे फाइलमध्ये खरंच रोमन अक्षरं आहेत, त्यावर फक्त मराठीचं चित्र चढवलेलं होतं. त्यासाठी त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो.

काकांची आणखी एक इच्छा होती. वाचनालयात काही मोडी बाडं आहेत, त्यांची नावं मोडीतच सूचीत हवीत. मोडी युनिकोडमध्ये २०१४ साली, सातव्या आवृत्तीत आली, आणि तिचा मोहल्ला इतका लांब आहे की यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक अक्षराला चार बाइट लागतात, पहिला २४०. मायएसक्यूएल या डेटाबेसमधला ‘यूटीएफ-८’ हा जुना प्रकार तीनच बाइट घेतो, त्यात मराठी आणि गुजराती बसतात पण मोडी बसत नाही. ‘यूटीएफ-८ एमबी-४’ हा प्रकार निवडावा लागतो. तो बदल केला, सूचीची एक प्रत बाजूला काढून ठेवली आणि चाचणीच्या ओळीला गुजराती आणि मोडीचे दोन-दोन शब्द जोडले.

काकांनी ती ओळ स्वतःच्या हाताने लेसमध्ये उघडली. मराठी आलं, गुजराती आलं, मोडीच्या जागी चौकोन आले. काका माझ्याकडे न बघताच म्हणाले, "फॉन्ट नाहीये." नोटो सान्स मोडी बसवला, टर्मिनल पुन्हा उघडलं, आणि ते शब्दही उमटले.